काट्याची साक्ष: जुना स्कूबा रेग्युलेटर ओळखणं आणि दुरुस्त करणं

जुना रेग्युलेटर हाती आला की बहुतेक जण आधी त्यावरचं नाव वाचतात, आणि पहिली फसगत तिथेच होते. पितळी डब्यावरची नावाची पट्टी कधीच गळून गेलेली असते, नाहीतर दुसऱ्याच डब्यावरून काढून इथे बसवलेली असते. नाव अस्सल असलं तरी त्यावरून कारखाना कळेलच असं नाही. फ्रान्सच्या ला स्पिरोटेक्निक कंपनीची रचना ब्रिटनमध्ये सीब गॉर्मन परवाना घेऊन बनवत होती. अमेरिकेत यू. एस. डायव्हर्सने घडवलेले रेग्युलेटर व्हॉइट स्वतःच्या नावाने विकत होती. त्यावर पन्नास-साठ वर्षं गेलेली. इतक्या वर्षांत यंत्र किती जणांनी उघडलं आणि कुणाचं झाकण कुणाला लावलं, हे कोण सांगणार? म्हणून माझा आग्रह असा की नाव शेवटी वाचावं. यंत्र हवेशी कसं वागतं ते आधी पाहावं. जी तपासणी ओळख पटवते तीच बिघाडही दाखवते, त्यामुळे ओळख आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामं राहत नाहीत.

रेग्युलेटरचं काम सांगायला सोपं आहे, करायला अवघड. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा सुमारे 200 बार दाबाने कोंडलेली असते. पाण्यात दर 10 मीटर खोलीला साधारण एक बार दाब वाढतो. 20 मीटरवर छातीवर एकूण 3 बारचा दाब असतो, म्हणून फुप्फुसांना मिळणारी हवाही नेमक्या तेवढ्याच दाबाची हवी. कमी दाबाची हवा ओढता येत नाही, जास्त दाबाची तोंडात घुसते. बरगड्यांच्या स्नायूंची ताकद इतकी बेताची आहे की जेमतेम अर्धा मीटर पाण्याखालून नळीने वरची हवा ओढतानाही दम लागतो. तेव्हा या यंत्राने 200 बार उतरवून आजूबाजूच्या पाण्याइतके करायचे, तेही श्वास घेतानाच, आणि श्वास थांबला की पुरवठा बंद करायचा. बहुतेक रेग्युलेटर हे दोन टप्प्यांत करतात. सिलिंडरला जोडलेला पहिला टप्पा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण 8 ते 10 बार जास्त इतका ठेवतो. त्याला मधला दाब म्हणू. दुसरा टप्पा या मधल्या दाबातून श्वासापुरती हवा सोडतो.

ही कल्पना समुद्रात जन्मली नाही. बेनुआ रुकेरोल हा फ्रान्समधला खाण अभियंता. विषारी वायू भरलेल्या खाणीत उतरणाऱ्यांना मागणीप्रमाणे हवा मिळावी म्हणून त्याने 1860 मध्ये असं यंत्र बनवलं. पुढे 1864 मध्ये नौदलातल्या ओग्युस्त दनेरूझबरोबर त्याने ते पाण्याखाली वापरण्याजोगं केलं. जूल व्हर्नच्या कादंबरीत कॅप्टन नेमोची माणसं समुद्राच्या तळावर हिंडतात ती याच यंत्राच्या आधाराने. पण त्या काळी फार दाब सोसणारी सिलिंडरं बनत नव्हती. यंत्र योग्य होतं, पाठीवर नेता येईल एवढा हवेचा साठा मात्र नव्हता.

पुढचा टप्पा दुसऱ्या महायुद्धातला. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायची खटपट सुरू होती. एअर लिक्विड कंपनीतला अभियंता एमिल गान्यां त्यासाठी गॅस सोडणारी एक झडप बनवत होता. नौदल अधिकारी झाक कुस्तोचे सासरे त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या ओळखीने 1942 च्या डिसेंबरात कुस्तो गान्यांकडे पोहोचला. दोघांनी केलेला पहिला नमुना 1943 च्या सुरुवातीला मार्न नदीत तपासला, आणि तो नीट चालला नाही. कुस्तो उभा राहिला की हवा भसाभसा वाहून वाया जायची, डोकं खाली केलं की ओढूनही येईना. आडवं पोहताना मात्र सगळं ठीक. कारण असं निघालं की उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप आणि हवा आत सोडणारा पडदा वेगवेगळ्या जागी होते. उभं राहिलं की त्यांच्या खोलीत पंधरा-वीस सेंटिमीटरचा फरक पडायचा, आणि पाण्याचा तेवढा दाब झडप उघडायला पुरेसा होता. त्यांनी उच्छ्वासाची झडप पडद्याशेजारी आणून ठेवली आणि प्रश्न सुटला.

ही हकिगत एवढी सविस्तर सांगितली, कारण जुन्या दोन नळ्यांच्या रेग्युलेटरचा सगळा आकार तिच्यातून आला आहे. मानेमागे गोल पितळी डबा, त्यातून निघून खांद्यांवरून पुढे येणाऱ्या घड्यांच्या दोन रबरी नळ्या आणि मध्ये तोंडात धरायचा तुकडा. उजव्या नळीतून हवा येते. डावीतून उच्छ्वास परत मागे डब्यात जातो आणि पडद्याशेजारच्या चपट्या रबरी झडपेतून बाहेर पडतो. बदकाच्या चोचीसारखी दिसणारी ही झडप तोंडाजवळ ठेवली असती तर एक नळी वाचली असती, पण मार्नमधली अडचण पुन्हा उभी राहिली असती. असा डबा हाती आला तर यंत्र गान्यांच्या घराण्यातलं आहे एवढं बाहेरूनच कळतं.

घराण्यात मात्र पोटभेद आहेत. ला स्पिरोटेक्निकचा 1955 चा मिस्त्राल हा एकाच टप्प्याचा रेग्युलेटर. 200 बार किंवा जे काही सिलिंडरात असेल, ते एकाच झडपेतून थेट श्वासाच्या दाबावर येतं. त्यात मधला दाब नसतोच, आणि हे ध्यानात न घेता पुढे सांगणार आहे त्या तपासण्या त्याच्यावर करू गेलं तर वेळ फुकट जातो. त्याच सुमाराचा यू. एस. डायव्हर्सचा अ‍ॅक्वा-मास्टर दोन टप्प्यांचा, पण दोन्ही टप्पे त्याच डब्यात. नंतरचा रॉयल अ‍ॅक्वा-मास्टर बाहेरून त्याचा जुळा भाऊ वाटतो, पोटातली पहिली झडप मात्र संतुलित आहे. संतुलित म्हणजे काय ते पुढे येईलच.

एका नळीचा प्रकार मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने 1952 मध्ये बाजारात आणला. नाव पॉरपॉइज. त्याने पहिला टप्पा सिलिंडरवर ठेवला आणि पडदा व उच्छ्वासाची झडप एकत्र करून दुसरा टप्पा थेट तोंडापाशी नेला. दोन्ही झडपा शेजारी राहिल्या, मधली नळीही बारीक झाली. आज तारकर्लीच्या समुद्रात पहिल्यांदा बुडी मारणाऱ्या पर्यटकाच्या तोंडात असतो तो याच रचनेचा वंशज. स्वीडनच्या पोसायडनचा सायक्लॉन 1958 चा. स्क्यूबाप्रोचा मार्क 5 हा 1970 च्या आसपासचा. कॉन्शेल्फ मालिका त्या समुद्रतळावरच्या घरांच्या नावाची, जिथे कुस्तोची माणसं 1962 पासून काही काळ राहून आली. एका नळीच्या जुन्या रेग्युलेटरांमध्ये हीच नावं पुन्हा पुन्हा समोर येतात.

आता काट्याकडे येतो. ज्याला जुने रेग्युलेटर हाताळायचे आहेत त्याने पहिली खरेदी पान्यांची करू नये, मधला दाब दाखवणाऱ्या लहान मापकाची करावी. तो पहिल्या टप्प्याच्या कमी दाबाच्या तोंडाला जोडतात. सिलिंडरची कळ सावकाश उघडायची, मापकाची काच तोंडासमोर धरायची नाही, आणि काटा कुठे थांबतो ते पाहायचं. भरलेल्या सिलिंडरवर आकडा टिपायचा. मग 30-40 बार उरलेल्या सिलिंडरवर तोच प्रयोग पुन्हा करायचा. या दोन आकड्यांमधल्या फरकात यंत्राचं कूळ दडलेलं आहे.

पहिला टप्पा दोन तऱ्हांनी बनतो. एकात रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला समुद्राचं पाणी आणि स्प्रिंग, दुसऱ्या बाजूला मधल्या दाबाची हवा. पडदा आत ढकलला गेला की तो एका काडीने झडप उघडतो. जुन्या साध्या पडदेवाल्यांत सिलिंडरचा दाब या झडपेला बंद करायच्या दिशेने दाबत असतो. सिलिंडर रिकामं होत गेलं की हे दाबणं ओसरतं आणि झडप सहज उघडू लागते. म्हणजे सिलिंडर उतरेल तसा मधला दाब थोडा चढतो. साधा अ‍ॅक्वा-मास्टर असाच वागतो.

दुसऱ्या तऱ्हेत दट्ट्या असतो. त्याच्या दांड्याच्या टोकाशी एक धार कठीण गादीवर टेकते आणि हवा बंद होते. साध्या दट्ट्यात सिलिंडरचा दाब गादीकडून दट्ट्याला उघडायच्या दिशेने ढकलतो. सिलिंडर उतरलं की ढकलणं कमी होतं आणि मधला दाबही उतरतो. बुडी संपत आली की श्वास जड होऊ लागतो. स्क्यूबाप्रोचा मार्क 2 या जातीचा, आणि त्याची ही सवय म्हणजे बिघाड नव्हे.

संतुलित रचनेत सिलिंडरच्या दाबाचा जोर झडपेवर कोणत्याच दिशेने पडणार नाही अशी योजना असते. त्यामुळे तो उघडायलाही मदत करत नाही, मिटायलाही नाही. दोन्ही सिलिंडरांवर काटा जवळपास एकाच जागी थांबतो. रॉयल अ‍ॅक्वा-मास्टर असा, मार्क 5 असा. तेव्हा सिलिंडर उतरताना काटा चढला तर साधा पडदा, उतरला तर साधा दट्ट्या, जागचा हलला नाही तर संतुलित. कमी दाबाचं तोंड असेल तिथे एकही स्क्रू न काढता एवढं कळतं. मला या तपासणीचं फार अप्रूप आहे, कारण पट्टीवर कुणी काहीही लिहो, काट्याला त्याचं देणंघेणं नसतं.

काटा बिघाडही सांगतो. श्वास घेतल्यावर तो जरासा खाली जाऊन झटकन मूळ जागी येऊन थांबला पाहिजे. थांबला आणि मग मिनिटामिनिटाला हळूहळू वर सरकू लागला, तर पहिल्या टप्प्याची झडप पूर्ण मिटत नाही. गादीवर खोल खाच पडली असेल, धारेला ओरखडा असेल, किंवा मधे कण अडकला असेल. नवी गादी बसवल्यावर पहिली काही मिनिटं थोडं सरकणं साहजिक आहे. तिच्यावर धारेचा ठसा उमटायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या टप्प्यावरचं हवा सोडायचं बटण पुष्कळदा दाबून झडप उघडझाप करवतात आणि मगच मत बनवतात. काटा स्थिर आहे पण पाण्यात धरल्यावर यंत्राच्या शरीराच्या भोकांतून बुडबुडे येतात, तर दोष एखाद्या ओ-रिंगचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या रबरी कडीचा. आणि काटा खाली जातो तो पटकन वर येत नाही, तेव्हा हवेची वाट कुठेतरी तुंबलेली आहे.

तुंबते ती बहुधा गाळणीपाशी. पहिल्या टप्प्याच्या तोंडाशीच कांस्याच्या कणांची भाजून बनवलेली छोटी गाळणी असते, जुन्या यंत्रांत पुष्कळदा शंकूच्या आकाराची. ती काढून पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावी. हिरवा कळंक चढला असेल तर खारं पाणी आत शिरलं होतं. कुणीतरी झाकण न लावता यंत्र धुतलं किंवा रिकाम्या सिलिंडरने बुडी मारली. तांबूस भुकटी दिसली तर ज्या पोलादी सिलिंडरवर यंत्र चाललं ते आतून गंजलेलं होतं. काळपट, बोटाला तेलकट लागणारा थर असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल हवेत उतरलं होतं. हिरवी गाळणी दिसली तर पुढचं सगळं उघडून पाहिल्याशिवाय हवा सोडू नये. तांबूस दिसली तर सिलिंडरही तपासायला पाठवावं. गाळणी स्वतः धुऊन परत वापरण्याचा कंजूसपणा कुणी करू नये, ती नवीच घालावी.

इथे काही धोके सांगितलेच पाहिजेत, कारण ते बाहेरून दिसत नाहीत. पहिला नळ्या जोडायच्या तोंडांचा. आज जास्त दाबाच्या तोंडाचे आटे मोठे आणि कमी दाबाच्या तोंडाचे लहान असतात, म्हणून चुकीची नळी चुकीच्या जागी बसतच नाही. जुन्या पुष्कळ पहिल्या टप्प्यांत दोन्ही तोंडांचे आटे सारखेच, एका इंचाच्या तीन अष्टमांश मापाचे आहेत. तिथे दुसऱ्या टप्प्याची नळी जास्त दाबाच्या तोंडात अगदी सहज बसते, आणि कळ उघडताच 10 बारसाठी बनवलेल्या नळीत 200 बार शिरतात. ती फुटते. म्हणून जुन्या शरीरावरचं प्रत्येक तोंड कुठे जातं ते उघडून पाहावं आणि जास्त दाबाचं तोंड खुणेने दाखवून ठेवावं.

दुसरा धोका दुसऱ्या टप्प्यातला. सर्वसाधारण दुसऱ्या टप्प्याची झडप मधल्या दाबाने उघडायच्या दिशेने ढकलली जाते. पहिला टप्पा बिघडून मधला दाब चढला तर ही झडप आपोआप उघडते आणि जादा हवा तोंडाशी फसफसून निघून जाते. पाणबुड्याला त्रास होतो, पण नळी शाबूत राहते आणि श्वासही मिळत राहतो. काही जुन्या दुसऱ्या टप्प्यांत मात्र कलती झडप असते. मधला दाब वाढला की ती अधिकच घट्ट मिटते. अशा संचात जादा हवेला वाट म्हणून वेगळी सुरक्षाझडप दिलेली असते, कधी नळीच्या टोकाशी, कधी पहिल्या टप्प्यावर. जुनी नळी फाटली म्हणून कुणी आजची साधी नळी लावली आणि त्या नादात सुरक्षाझडप गेली, तर पहिल्या टप्प्याच्या पहिल्याच बिघाडाला नळी फुटणार. अनोळखी संचाची नळी बदलण्याआधी झडप कोणत्या दिशेने उघडते ते पाहणं म्हणूनच अनिवार्य.

तिसरा धोका शिकंज्याचा, म्हणजे यंत्र सिलिंडरच्या कळीवर आवळणाऱ्या पितळी चौकटीचा. अमेरिकेतली त्या काळची पोलादी सिलिंडरं दर चौरस इंचाला 2250 पौंडांची, म्हणजे साधारण 155 बारची होती आणि शिकंजेही त्याच हिशेबाने घडवलेले. काहींचं तोंड इतकं अरुंद असतं की आजच्या कळीवर ते चढतच नाही, आणि ते कानसीने घासून चढवणं हा निव्वळ अविचार. फार जुन्या पहिल्या टप्प्यांना बहुधा सिलिंडरच्या दाबमापकासाठी तोंडही नसतं. सिलिंडरात किती उरलं हे पाणबुड्याला तेव्हा कळत नव्हतं. कळीत स्प्रिंगची राखीव झडप असे. दाब साधारण 20 बारच्या आसपास आला की श्वास जड होई, मग दांडी ओढून राखीव हवा सोडायची आणि वर निघायचं. दांडी आधीच ओढलेल्या अवस्थेत राहिली असेल तर राखीव काहीच नसे. आज अशा रेग्युलेटरने बुडी मारायची असेल तर मापकाची सोय वेगळी केल्याशिवाय मारू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता यंत्र उघडायचं. त्याआधी त्या मॉडेलची सेवापुस्तिका मिळवावी. जुन्या कंपन्यांच्या पुस्तिकांत भागांचे क्रमांक, भाग सुटे करून क्रमाने मांडलेली चित्रं आणि मधल्या दाबाचा हवा तो आकडा असतो. वर मी दिलेले 8 ते 10 बार हा सर्वसाधारण पल्ला आहे, तुमच्या यंत्राचा आकडा त्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. शरीर व्हाइसमध्ये थेट धरलं की क्रोमवर दात उमटतात, म्हणून तोंडात आट्यांवर बसणारा दांडा घालून तो धरतात. वर्षानुवर्षं मीठ साचून घट्ट झालेली टोपी जोराने फिरवू नये. कोमट पाण्यात रात्रभर भिजवावी. स्क्रूचं डोकं किंवा खिळीचं भोक एकदा झिजलं की ते भाग आज सहसा मिळत नाहीत.

दट्ट्या उपसताना खरी कसोटी लागते. संतुलित दट्ट्यात दांड्याभोवतीची ओ-रिंग सिलिंडरचा पूर्ण दाब अडवते, आणि तिची बैठक आत खोलवर असते. ती काढायला पोलादी सुई वापरली आणि एकदा जरी घसरली, तर बैठकीवर केसाएवढा ओरखडा उमटतो आणि मग कितीही नव्या ओ-रिंगा घाला, हवा तिथून निघतच राहते. म्हणून पितळेची किंवा प्लॅस्टिकची आकडी वापरतात, पितळेहून कठीण काही आत जाऊ देत नाहीत. दट्ट्याची धार भिंगाखाली, खिडकीच्या उजेडात सावकाश फिरवून पाहावी. निरोगी धारेवर उजेडाची रेघ अखंड सरकते. जिथे ती रेघ तुटते तिथे खाच आहे. बोटाच्या टोकाने धार चाचपू नये. एका जागी खाच असलेला दट्ट्या नव्या गादीवरही काटा सरकवत ठेवतो, आणि मग माणूस गाद्या बदलत बसतो.

धुण्याचं काम शांतपणे करण्याचं आहे. आधी साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश. कळंक गेला नाही तर पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून त्यात भाग काही मिनिटं ठेवतात. त्यात विसरून चालत नाही, घड्याळ लावूनच उभं राहावं. आम्लात पितळ जास्त राहिलं तर त्यातलं जस्त विरघळून जातं, उरतं ते तांबं, आणि पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. गुलाबी झालेलं पितळ पुन्हा पिवळं होत नाही. क्रोम जिथे आधीच पापुद्र्यासारखा सुटू लागला असेल तिथे तर व्हिनेगर लावूच नये. मग गोड्या पाण्यात खळखळून धुवायचं आणि कोरडं करायचं. पडदेवाल्या पहिल्या टप्प्यात हलते भाग पाण्यापासून वेगळे असल्याने ते पुष्कळदा आश्चर्य वाटावं इतके स्वच्छ निघतात. दट्टेवाल्यात पाणी थेट स्प्रिंगला लागतं, मीठ तिथे साचतं. दट्टेवाल्याला जास्त वेळा उघडावं लागतं ते याच कारणाने.

जोडताना वंगण नखभर. साध्या हवेसाठी सिलिकोन ग्रीस चालतं. ज्यात प्राणवायू वाढवलेला आहे अशा मिश्रणासाठी ते चालत नाही, कारण जास्त दाबाच्या प्राणवायूत ग्रीस पेटू शकतं. त्यासाठी पूर्णपणे फ्लोरिनयुक्त वंगणं मिळतात. यंत्राचा प्रत्येक भाग त्या दर्जाला स्वच्छ केलेला नसेल तर जुना रेग्युलेटर साध्या हवेवरच ठेवावा. ओ-रिंगचं माप नुसतं जुळून भागत नाही, कडकपणाही जुळावा लागतो. जास्त दाबाच्या जागेची रिंग इतरांपेक्षा कडक असते आणि तिथे मऊ रिंग घातली तर ती फटीत दाबून चिरली जाते.

दुसऱ्या टप्प्याची परीक्षा घरच्या बादलीतही होते. नळीचं टोक घट्ट बंद करून तोंडाने हवा ओढायची. आत पोकळी टिकली पाहिजे. हवा कुठून तरी येत राहिली तर पडदा फाटला आहे किंवा उच्छ्वासाची झडप वाकडी बसली आहे. मग सिलिंडर जोडून तोंडाचा भाग वर आणि पडदा खाली असा तो पाण्यात अगदी सावकाश बुडवायचा. पडदा पाण्याखाली जितका जाईल तेवढ्या उंचीचं पाणी त्याला दाबतं. साधारण अडीच ते चार सेंटिमीटरवर हवा सुटू लागली तर झडप नीट बसवली आहे. त्याआधीच सुटली तर पाण्यात जरा हललं की हवा वाहत राहील, फार उशिरा सुटली तर श्वास ओढावा लागेल. ही बादलीतली मोजणी महागड्या मापकाची जागा पूर्णपणे घेत नाही, पण सुधारणा झाली की नाही हे ती प्रामाणिकपणे सांगते. मधल्या दाबाचा आकडा ठरल्याशिवाय मात्र दुसऱ्या टप्प्याला हात लावू नये. चुकीच्या दाबावर जुळवलेली झडप बरोबर दाबावर पुन्हा बिघडते.

दोन नळ्यांच्या यंत्राचा खरा शत्रू खारं पाणी नाही, रबराचं वय आहे. पितळ अर्ध्या शतकानंतर घासून चमकवता येतं, पण घड्यांची नळी ताणून धरली की घडीच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसतात आणि अशी नळी पाण्यात कधीही फाटेल. चोचीच्या झडपेचे ओठ कडक होऊन उघडे राहतात, मग पाणी उलट डब्यात येतं. पडदा ताठ होतो आणि झडप उघडायला जास्त दाब लागतो. तोंडाच्या तुकड्यात दोन छोट्या एकमार्गी झडपा असतात, त्यांतली एक जरी दुमडली तर सोडलेला उच्छ्वास परत ओढला जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचत जातो. हे सगळे भाग नवे घातल्याशिवाय यंत्र पाण्यात नेऊ नये. हौशी मंडळींनी चालवलेल्या छोट्या उद्योगांनी अ‍ॅक्वा-मास्टरसारख्या प्रसिद्ध मॉडेलांचे रबरी भाग नव्याने बनवायला घेतले आहेत, आणि त्यामुळे ती यंत्रं आजही बुडी मारू शकतात. ज्यांचे भाग कुणीच बनवत नाही त्यांनी काचेच्या कपाटात राहावं. तिथेही गादीवरचा ताण कमी करून ठेवलं तर ती चांगली टिकतात.

कोकणातल्या हवेत ठेवणीचा प्रश्न वेगळाच बिकट होतो. मालवण-तारकर्लीला पावसाळ्यात बुड्या बंद असतात आणि सगळं सामान महिनोन्महिने दमट खोलीत पडून राहतं. बंद करण्याआधी गोड्या पाण्यात भिजवताना पहिल्या टप्प्याच्या तोंडाचं धूळझाकण कोरडं करून घट्ट लावणं, भिजलेल्या अवस्थेत हवेचं बटण न दाबणं, नळ्या तीक्ष्ण वळणाने न टांगता सैल गोल करून ठेवणं, पूर्ण सुकल्याशिवाय प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंबणं, एवढं केलं तरी पुढच्या हंगामात गाळणीवरचा हिरवा रंग टळतो. जुन्या रबराला ऊन आणि ओझोन दोन्ही सोसत नाहीत, म्हणून ते इलेक्ट्रिक मोटरच्या आसपासही ठेवू नये.

दुरुस्त केलेला दोन नळ्यांचा रेग्युलेटर पहिल्यांदा पाण्यात नेताना उथळ तलाव, सोबत जाणकार साथीदार आणि जवळ आजचा दुसरा रेग्युलेटर असावा. एका नळीवर शिकलेल्याला काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पोटावर पोहताना डबा पाठीवर, म्हणजे फुप्फुसांपेक्षा थोडा वर असतो, म्हणून श्वास जरा जड वाटतो. उताणं झालं की डबा खाली जातो आणि हवा उदारपणे येते. तोंडातला तुकडा काढून डब्यापेक्षा उंच धरला तर तो आपोआप वाहू लागतो, बंद करायचा तर खाली करावा लागतो. नळीत पाणी शिरलं तर डाव्या कुशीवर वळायचं, म्हणजे उच्छ्वासाची नळी तळाला येते, आणि मग जोराने फुंकायचं. पाणी मागच्या चोचीतून निघून जातं. बुडबुडे तोंडासमोर न येता मानेमागून वर जातात, त्यामुळे मासे बुजत नाहीत, आणि पाण्याखाली छायाचित्रं काढणाऱ्या काहींनी या जुन्या रचनेची साथ सोडली नाही ती याचसाठी.

तलावातून वर आल्यावर मापक पुन्हा जोडून मधल्या दाबाचा आकडा टिपावा आणि दुसऱ्या दिवशी, यंत्र रात्रभर दाबाखाली ठेवून, पुन्हा टिपावा. दोन्ही आकडे जुळले तर पुढची बुडी समुद्रात घ्यायला हरकत नाही. जुळले नाहीत तर गादी किंवा धार, आणि काम पुन्हा भिंगापासून सुरू.